पुंगळ्या वेचण्याची तारेची टोपली: कंबर वाचते, निवडणे वाचत नाही

पिस्तुलाच्या काडतुसात गोळी, दारू आणि ती दारू पेटवणारा प्रायमर हे तीन घटक एकदाच कामी येतात. 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त यांच्या पितळेची पुंगळी मात्र पुन्हा पुन्हा भरता येते, आणि नवी घ्यायची म्हटली तर चौघांत बहुधा तीच महाग पडते. म्हणूनच अमेरिकेत घरी काडतुसे भरणारे नेमबाज सराव आटोपला की ओणवे होऊन जमीन धुंडाळताना दिसतात. आम्हा टेक्सासमधल्या मंडळींना या ओणवेपणावरचा उपाय परसातच सापडला, कारण झाडाखाली पडलेले पिकॅन, म्हणजे अक्रोडासारखे एक फळ, वेचायला जी दांडीची फिरती टोपली वापरतात, तीच थोड्या फरकाने पुंगळ्यांसाठीही विकली जाते. ती निरनिराळ्या नावांनी मिळते आणि रचना सगळ्यांची जवळपास सारखीच असते, म्हणून येथे परीक्षण त्या प्रकाराचे आहे, एखाद्या छापाचे नव्हे.

लांब दांडीच्या टोकाला लवचीक तारांचा लंबगोल पिंजरा असतो. तो जमिनीवरून दाबत फिरवला की पुंगळीच्या रेट्याने दोन तारा फाकतात, पुंगळी आत जाते आणि तारा पुन्हा मिटतात. भरलेला पिंजरा बादलीवर धरून तारा हाताने फाकवल्या की सारा ऐवज खाली पडतो. 9 मिलिमीटरच्या पुंगळीची लांबी सुमारे 19 मिलिमीटर आणि बुडाचा व्यास जेमतेम 10 मिलिमीटर असतो. या मापाला, तसेच .40 आणि .45 या इंचांतल्या मापांना, हा पिंजरा उत्तम साधतो. .22 च्या पुंगळ्या मात्र तारांमधून निसटतात. त्याचे दुःख नको, कारण त्यांचे प्रायमर-मिश्रण बुडाच्या काठातच भरलेले असल्यामुळे त्या घरी पुन्हा भरण्याजोग्या नसतात.

काँक्रीटवर आणि कापलेल्या कोरड्या गवतावर हे साधन मनापासून काम करते. खडीवर ते पुंगळीएवढे खडेही तितक्याच आवडीने उचलते, चिखलात रुतलेली पुंगळी सोडून देते आणि भिंतीलगतच्या कोपऱ्यात त्याचा पिंजरा पोहोचतच नाही. शिवाय गोळीबार थांबल्याची घोषणा झाल्याखेरीज नेमबाज उभे राहतात त्या रेषेच्या पुढे जाता येत नाही, त्यामुळे पुढे उडालेल्या पुंगळ्यांसाठी दांडी कितीही लांब असली तरी वाट पाहावीच लागते. बंदिस्त रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागेवर, तर आधी नियम विचारावा, कारण जमिनीवर पडलेले पितळ रेंजचेच, असे अनेक ठिकाणी मालक स्पष्ट सांगतात. मोठ्या स्पर्धांतही पुष्कळदा पितळ वेचण्यास मनाई असते.

टोपलीच्या जाहिरातीत जे येत नाही ते बादली घरी आल्यावर कळते. .22 ची पुंगळी 9 मिलिमीटरच्या पोटात, ती .40 च्या पोटात आणि ती .45 च्या पोटात, अशी धान्याची मापे एकात एक ठेवावीत तशी ही मंडळी बसलेली निघतात. ती न सोडवता धुवायला टाकली तर आतली घाण तशीच राहते. .380 ची पुंगळी 9 मिलिमीटरपेक्षा जेमतेम 2 मिलिमीटर आखूड असल्याने घाईत नजरेतून सुटते. .45 मध्ये काही कंपन्या लहान प्रायमर वापरतात, काही मोठा. बूड पाहिल्याशिवाय भरायला घेतले की काडतूस भरण्याचे यंत्र मध्येच अडते. पोलादी पुंगळ्या चुंबकाने वेगळ्या होतात, ॲल्युमिनियमच्या मात्र रंगावरून व वजनावरून ओळखून काढाव्या लागतात. आणि पितळीतही तळाशी एकच मधले छिद्र असलेली बॉक्सर पद्धतीची पुंगळीच ठेवावी. दोन छिद्रांच्या बर्डन पद्धतीच्या पुंगळीतला जुना प्रायमर नेहमीच्या सुईने निघत नाही. गंमत अशी की बॉक्सर हा इंग्रज, बर्डन हा अमेरिकन, आणि अमेरिकेत रुळली ती इंग्रजाची पद्धत.

दुसऱ्याने टाकलेली पुंगळी किती वेळा भरली गेली आहे हे टोपली सांगत नाही. .45 चा कमाल दाब 21,000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), तर 9 मिलिमीटरचा 35,000, त्यामुळे वेचलेल्या .45 बाबत मी उदार आणि 9 मिलिमीटरबाबत चिकित्सक असतो. तोंडाशी केसाएवढी चीर दिसली तरी पुंगळी भंगारात.

भारतातील वाचकांनी ही टोपली मागवण्याच्या भानगडीत पडू नये. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसे भरण्यास संघराज्याचा परवाना लागत नाही, विक्रीसाठी मात्र लागतो. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हाच गुन्हा आहे.

उघड्या रेंजवर नियमित सराव करणाऱ्याने, विशेषतः गुडघे कुरकुरू लागले असतील तर, ही टोपली जरूर घ्यावी. घेताना दांडीचा जोड हलवून पाहावा, कारण पिंजरा वाकण्याआधी बहुधा तोच ढिला होतो. प्रायमरच्या धुरातले शिसे तारांना चिकटते, तेव्हा वापरलेली टोपली गाडीत मुलांच्या आसनाजवळ ठेवू नये, आणि रेंजवरून निघताना हात साबणाने धुतल्याशिवाय डब्याला लावू नयेत.