मॉलिब्डेनमचं २ इंची स्पटरिंग टार्गेट: माल चांगला, पण सगळा खेळ प्रेशरचा

स्पटरिंग म्हणजे निर्वात चेंबरमध्ये आर्गॉनच्या प्लाझ्मानं धातूच्या चकतीतले (टार्गेटमधले) अणू उडवून त्यांचा काचेवर थर देणं. सीआयजीएस (तांबं, इंडियम, गॅलियम, सेलेनियमच्या पातळ थराच्या) सोलर सेलच्या मागच्या कॉन्टॅक्टसाठी, म्हणजे काचेवरच्या वीजवाहक थरासाठी, २ इंच व्यासाचं, ३ मिमी जाडीचं, ९९.९५ टक्के शुद्धतेचं मॉलिब्डेनम टार्गेट पुरेसं आहे. ९९.९९ साठी जादा पैसे मोजू नका, घनता बघा. आल्या आल्या वजन करा: सुटी चकती (मागे प्लेट न जोडलेली) साधारण ६२ ग्रॅम भरायला हवी. ५८-५९ भरली तर आत छिद्रं आहेत असं समजा. त्यांतला ओलावा आणि हवा पुढे आर्किंग करते (ठिणग्या पाडते), थरावर कण पडतात.

थर वाईट आला की लोक टार्गेटला नावं ठेवतात. बहुतेक वेळा दोष आर्गॉनच्या प्रेशरचा असतो. १० मिलीटॉरला (टॉर हे निर्वात चेंबरमधल्या प्रेशरचं एकक) थर काचेला घट्ट धरतो, पण सच्छिद्र असतो, विजेची रोधकता भरमसाट. २ मिलीटॉरच्या आत अणू जोरात आदळतात, थर दाट आणि आरशासारखा होतो, पण थराच्या आतल्या दाबाच्या ताणामुळे काचेवरून फुगून सुटतो. म्हणून दोन थर द्यायचे: आधी १० मिलीटॉरला १५० नॅनोमीटर, मग प्लाझ्मा न विझवता आर्गॉन हळूहळू कमी करत दीड-दोनवर आणून ६५० नॅनोमीटर. प्लाझ्मा जास्त प्रेशरलाच सहज पेटतो, त्यामुळे हा क्रम सोयीचाही पडतो. त्याआधी शटर (टार्गेटसमोरची झडप) बंद ठेवून १० मिनिटं टार्गेट साफ करून घ्या.

एकूण ८०० नॅनोमीटरला शीट रेझिस्टन्स (थराच्या चौरस तुकड्याचा विद्युतरोध) ०.१५ ओहम प्रति चौरसच्या आसपास आला, म्हणजे रोधकता १२ मायक्रोओहम-सेंमी, तर काम फत्ते. इतका कमी रोध फोर पॉइंट प्रोबवर (चार टोकं टेकवून रोध मोजायचं साधन) १ मिलिअँपने मोजायला गेलात तर हाती ३३ मायक्रोव्होल्ट येतात, साध्या मीटरला ते झेपत नाहीत. १०० मिलिअँप सोडा, ३.३ मिलिव्होल्ट नीट वाचता येतात. नंतर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. कडेला सुटलं तर बहुधा काच नीट धुतलेली नाही, मधोमध सुटलं तर खालचा थर पातळ पडला. चकाकी जाऊन रंग निळसर-तपकिरी दिसला तर चेंबरला गळती शोधा.

तांब्याच्या प्लेटवर इंडियमने जोडलेलं टार्गेट घेणार असाल तर पॉवर बेतानं चढवा. इंडियम १५७ अंशांनाच वितळतं. मॉलिब्डेनम उष्णता चांगली वाहून नेतं, त्यामुळे सुटी चकती नीट आवळून बसवली तरी चालते. शिवाय जोडलेल्या टार्गेटवर झिजून पडणारी खाच आरपार गेली की तांबं थरात उतरतं. खाचेत १ मिमी धातू उरला की टार्गेट बदला.