चौदा नंबरची प्रिंट दोनदा निघाली

यावल तालुक्यातल्या आमच्या घरी ओसरीच्या भिंतीवर माझा एक लिनोकट, म्हणजे कोरलेल्या ब्लॉकवरून छापलेलं चित्र, लावलेला आहे. केळीचा घड खांद्यावर घेऊन बांधावरून निघालेला मजूर, मागे बाग. खाली पेन्सिलीने १४/२० आणि माझी सही. कोपऱ्यात आजीच्या अंगठ्याचा काळा डाग आहे. शाई वाळली का ते बघायला तिने हात लावला होता. डागाची प्रिंट गिऱ्हाइकाला कशी द्यायची, म्हणून ती घरीच ठेवली.

मार्चमध्ये मैत्रीण अजिंठ्याची लेणी बघून आली. "तुझंच चित्र मिळालं गं तिकडे," म्हणत तिने पाकीट माझ्या हातात दिलं. तेच चित्र, तशीच सही, नंबर १४/२०. कोपरा मात्र स्वच्छ. बाराशे रुपये मोजले होते तिने.

मी जळगावला इलस्ट्रेशन शिकते. दिवाळीच्या सुट्टीत ओळखीतून एक गृहस्थ घरी आले होते. अजिंठ्याच्या रस्त्यावर त्यांचं राहण्या-जेवणाचं ठिकाण आहे. खोल्यांमध्ये लावायला खान्देशातल्या शेतीचं चित्र हवं, वीस प्रिंट काढ, अठरा मला दे, दोन तू ठेव, असं ठरलं. एका प्रिंटचे चारशे. पैसे त्यांनी एकही रुपया न तोडता दिले, वडिलांशी केळीच्या भावावर तासभर बोलले. जाताना म्हणाले, "पोरी, तो ब्लॉकपण दे ना. काचेत लावतो, पाहुण्यांना कळेल हे कसं करतात. त्याचे वेगळे हजार घे." मी दिला. कागदावर काहीच लिहिलं नाही. पैसे बुडवतो तोच फसवतो असं तोवर मला वाटत होतं.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लिनो म्हणजे जवसाचं तेल, बुचाची भुकटी, राळ यांची शीट, मागे तागाचं कापड. थोडी उन्हात ठेवली की मऊ होते. चित्र उलटं उतरवायचं, पांढरं हवं तेवढं कोरून काढायचं, उरलेल्या भागावर रोलरने शाई लावून कागद दाबायचा. माझ्याकडे प्रेस नाही. मी स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घासून छापते, एका प्रिंटला वीस-पंचवीस मिनिटं जातात. १४/२० म्हणजे एकूण वीसच काढल्या, त्यातली ही चौदावी. घेणाऱ्याला तो दिलेला शब्द असतो.

"लिनो असतोच मुळी पुष्कळ प्रती काढायला, एवढं काय त्यात?" असं मला घरच्यांनीही विचारलं. खरं आहे. चित्रकार नंदलाल बोसांनी १९३० साली काठी घेऊन चालणारे गांधीजी लिनोवरच कोरले आणि ते चित्र देशभर पोचलं. १९३६ साली आमच्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्याची सजावट करायला हेच नंदलाल आले होते. ही गोष्ट वर्गात ऐकली तेव्हाच मी लिनो हातात घेतला. हजार प्रती काढायच्या तर नंबर न टाकता उघड काढाव्यात, स्वस्त विकाव्यात. माझी हरकत खोट्या नंबरला आणि खोट्या सहीला आहे.

दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून पाहिल्या. मैत्रिणीच्या प्रिंटमध्ये केळीच्या पानावरच्या बारीक रेघा जाड शाईने बुजल्या होत्या. पण खरा फरक मागे होता. माझ्या कागदाच्या पाठीवर, जिथे जिथे काळं आहे तिथे, चमच्याने घासल्याची चमक दिसते. तिच्या कागदाची पाठ कोरी, सपाट. कुठल्यातरी प्रेसवर एका दाबात काढलेली.

वडिलांना घेऊन मी त्या गृहस्थांच्या ठिकाणी गेले. काउंटरवर चळत होती, वेगवेगळ्या नंबरांची. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "ब्लॉक मी विकत घेतलाय. माझ्या वस्तूचं मी काहीही करीन."

वकिलांनी जे सांगितलं ते प्रत्येक चित्रकाराला माहीत हवं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. साधारणपणे चित्राचा पहिला मालक चित्रकारच. पण कुणी मोबदला देऊन काढून घेतलेलं पेंटिंग, पोर्ट्रेट किंवा एन्ग्रेव्हिंग (कोरून छापलेलं चित्र) असेल आणि उलट करार नसेल, तर कॉपीराइट मोबदला देणाऱ्याचा. आणि त्या कायद्याच्या व्याख्येत एन्ग्रेव्हिंगमध्ये वुडकट, प्रिंट हे सगळं येतं. म्हणजे ऑर्डर घेताना "कॉपीराइट चित्रकाराकडे राहील" ही एक ओळ मी लिहून घेतली नाही, तिथेच माझी बाजू दुबळी झाली. माझी सही दुसऱ्याने करणं हा मात्र वेगळा गुन्हा, ब्लॉक कुणाचाही असो. त्यावर पोलिसांत अर्ज दिला. दुसऱ्या आठवड्यात काउंटरवरची चळत गायब झाली. ब्लॉक परत मिळालेला नाही, आणि आधी किती विकल्या ते त्यांनाच ठाऊक.

आता मी शेवटची प्रिंट निघाली की ब्लॉकवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली कोरते आणि त्या फुलीसकट एक प्रिंट काढून ठेवते. पहिल्यांदा कोरताना हात थरथरला होता, पंधरा दिवसांची मेहनत असते ती. कुणाला काचेत लावायला ब्लॉक हवाच असेल तर फुलीचा न्यावा. वहीत नंबरवार कुणाला काय दिलं ते लिहिते, पावतीवर एकूण प्रती आणि कॉपीराइटची ती ओळ घालते, समोरच्याची सही घेते. ओळखीचा माणूस असला तरी घेते.

घड घेऊन निघालेल्या मजुराचं हे चित्र तुमच्यापैकी कुणी अजिंठ्याच्या वाटेवर घेतलं असेल, तर फ्रेममधून काढून उजेडात तिरकं धरा आणि पाठ बघा. घासल्याची चमक नसेल तर ती प्रिंट मी काढलेली नाही. आणि नंबर १४ असेल, तर पाठ बघायचीही गरज नाही.