मोबाईलला लावायची मॅक्रो लेन्स: आठ महिन्यांनंतर

अगदी बारीक गोष्टींचे जवळून फोटो काढायची ही लेन्स ऑगस्टमध्ये घेतली, साडेसातशे रुपयांना. ब्रँड सांगत नाही कारण ही चिमट्याची लेन्स दहा नावांनी मिळते आणि आतून सगळ्या सारख्याच वाटतात. घेतली होती समुद्रावरच्या खडकांसाठी आणि नेमकी तिथेच कमी कामाला आली, घरच्या खिडकीत मात्र पैसे वसूल.

ग्रिलमधल्या कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याने घाण केल्यासारखं काहीतरी होतं, आई फडकं घेऊन पुसायलाच निघालेली, लेन्स लावून बघितलं तर त्याला पाय! कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी. लहानपणी हुबेहूब शिट दिसते म्हणून पक्षी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, मोठी झाली की हिरवीगार. काडीने जरासं डिवचलं तर डोक्यामागून दोन टोकांचं लाल शिंग बाहेर आलं आणि घाणेरडा वास. लाइम बटरफ्लायची अळीपण कढीपत्त्यावर येते आणि लहान असताना दोघी सारख्याच, त्यामुळे नाव ठरवायची घाई करू नका, फुलपाखरू बाहेर पडेपर्यंत थांबा. आम्ही थांबलो, झाडाच्या नुसत्या काड्या उरल्या, आई अजून ऐकवते.

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात लाल मुंग्यांचे, म्हणजे ओंबिलांचे, फोटो काढले आणि आयनॅचरलिस्टवर, म्हणजे प्राणी-वनस्पती ओळखायला मदत करणाऱ्या साइटवर, टाकले, तर एकाबद्दल कोणीतरी एवढंच लिहिलं, पाय मोजा. झूम केलं, आठ! मुंगीचं सोंग घेतलेला उडी मारणारा कोळी, पुढचे दोन पाय वर धरून मुंगीच्या मिशांसारखे हलवत फिरतो. नुसत्या डोळ्यांनी मला जन्मात कळलं नसतं. फक्त एकच फोटो काढू नका, वरून, बाजूने, तोंडाकडून असे तीन तरी काढा, नाहीतर ओळखणाराही काय करणार.

आता समुद्र. वांद्र्याच्या कार्टर रोडला ओहोटीची वेळ बघून गेलो, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त आत जातं. खडकाला चिकटलेली कालवं, बार्नॅकल (कवचातले चिकटून राहणारे छोटे जीव), बटणांसारखे मिटलेले झोअँथिड (प्रवाळांचे मऊ नातलग), हे हलत नाहीत म्हणून मस्त येतात. पण लेन्सला दोन-तीन सेंटीमीटरवर जावं लागतं, तेवढ्यात शंखातला खेकडा आत गडप, आणि डबक्यात बघायला गेलं की पाण्यावर आपलंच तोंड चमकतं. झोअँथिडना हात लावू नका, काहींमध्ये जबरदस्त विष असतं, आणि शंकूसारखा शंख सुंदर दिसला तरी उचलू नका, कोन स्नेल डंख मारते.

बाकी वैताग म्हणजे फोनला तीन कॅमेरे असतील तर तो मध्येच स्वतःच दुसऱ्यावर उडी मारतो आणि स्क्रीन काळी, प्रो मोडमध्ये मेन कॅमेरा फिक्स करावा लागतो. कव्हरवर चिमटा नीट बसत नाही. फोनमध्ये चांगला मॅक्रो मोड असेल तर घेऊच नका. माझ्या चिमट्याची स्प्रिंग खाऱ्या पाण्याने चौथ्या महिन्यातच गंजली, घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायला हवी होती, सध्या रबरबँड लावून चालवतोय.