बामणोलीच्या काठावरचे तंबू: जागा सोन्यासारखी, बुकिंग मात्र विचारूनच

बामणोलीपासून तापोळ्यापर्यंत शिवसागर जलाशयाच्या काठाला आता तंबूमुक्कामाच्या बऱ्याच जागा झाल्या आहेत. कुणाची शेताची पट्टी आहे, कुणाचं हॉटेलामागचं आवार, तर कुणाची थेट पाण्याला टेकलेली उतरण. यातल्या एकाच जागेचं कौतुक किंवा उणंदुणं करण्यात अर्थ नाही, कारण गुण आणि दोष थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच आहेत. म्हणून हा अभिप्राय या सेवेचाच समजा. जागेला पाचपैकी पाच, जेवणाला चार, तंबूला तीन आणि बाथरूमला दोन. आणि हे गुण महिन्यागणिक बदलतात, ही गोष्ट बुकिंग घेणारा माणूस फोनवर कधीच सांगत नाही.

तिथूनच सुरुवात करू. बहुतेकांना एकाच सहलीत तळं आणि धबधबा दोन्ही हवं असतं, आणि साताऱ्यात दोन्ही आहेतही. पण त्यांचं वेळापत्रक जुळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ठोसेघर आणि वजराई हे धबधबे ऐन भरात असतात, पण तेव्हा काठावर तंबू टाकणं म्हणजे रात्रभर चिखलात झोपणं. शिवाय धुकं इतकं दाट असतं की ठोसेघरच्या गॅलरीत उभं राहून धबधबा नुसता ऐकावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत मुक्काम सुखाचा होतो, पण तोवर धबधब्याची धार बारीक झालेली असते. दोन्ही साधायचं असेल तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य, एवढेच दिवस हाताशी आहेत. जलाशय काठोकाठ भरलेला असतो, धबधब्यांना पाणी असतं, डोंगर हिरवे असतात आणि कासच्या फुलांचा शेवटचा बहरही सापडतो. या दिवसांत परतीचा पाऊस मात्र येतो. सकाळ लख्ख असते आणि दुपारी चार-साडेचारला डोंगरामागून गडगडत ढग चढतात. तंबू आधीच उभे करून दोऱ्या ताणून ठेवणारा मालक आणि पाहुणे आल्यावर गुंडाळी सोडणारा मालक, यातला फरक त्या अर्ध्या तासात कळतो.

‘लेकसाइड’ या शब्दावरही महिना बघूनच विश्वास ठेवा. शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. पूर्ण भरला की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून साधारण 659 मीटरवर असते. पावसाळा सरला की वीजनिर्मिती आणि सिंचनासाठी पाणी सोडलं जातं आणि काठ मागे सरकत जातो. ऑक्टोबरात तंबूच्या दारापासून वीस पावलांवर असलेलं पाणी मे महिन्यात दूर खाली दिसतं, आणि मधे उरते ती भेगाळलेल्या गाळाची उतरण. जाहिरातीतला फोटो हमखास ऑक्टोबरचा असतो. मार्चनंतर जाणार असाल तर त्याच आठवड्यात काढलेला फोटो मागवा. चांगला मालक तो लगेच काढून पाठवतो.

पॅकेज सगळीकडे जवळपास सारखंच आहे. दुपारी चारच्या सुमारास प्रवेश, चहा-भजी, संध्याकाळी शेकोटी, मग बार्बेक्यू, रात्रीचं जेवण, सकाळी पोहे-चहा आणि दहा-अकराला निरोप. दर बहुतेक ठिकाणी माणशी हजार-दीड हजाराच्या घरात असतो आणि शनिवारी चढतो. आमच्या मते या यादीत बार्बेक्यूला काडीचं महत्त्व देऊ नये. वेळ जातो, कोळसा धुमसतो आणि पानात पडतात चार तुकडे. खरी किंमत वसूल होते ती घरच्या बायका चुलीवर रांधतात तिथे. गरम भाकरी, पिठलं किंवा कोंबडीचा रस्सा, खर्डा आणि वाफाळता भात. बुकिंग करतानाच “जेवण घरी होतं का, बाहेरून येतं?” असं विचारा. बाहेरून येत असेल तर ते डबाबंद आणि कोमट असणार, हे गृहीत धरा. शाकाहारी मंडळी असतील तर त्यांचा आकडा आदल्या दिवशी कळवा. या भागात ऐन वेळी भाजी आणायला दुकान जवळ नसतं.

आता तंबू. चार जणांचा म्हणून जो घुमटाकार तंबू देतात, त्याचा तळ सुमारे सात फूट बाय सात-आठ फूट असतो. म्हणजे माणशी दोन फूटही येत नाहीत, सामान वेगळंच. चौघांसाठी दोन तंबू मागा, नाहीतर तिघेच झोपा. तंबू ताब्यात आला की उजेड असेपर्यंत पाच मिनिटं त्याला द्या. आत शिरा, सगळ्या चेन लावा आणि छताकडे बघा. सुईच्या टोकाएवढा उजेडाचा ठिपका दिसला तर पाऊस तिथूनच आत येणार. मग तळाच्या शिवणीवरून बोट फिरवा. तिथे आतून एक चिकटपट्टी असते. ती पापुद्र्यासारखी सुटली असेल तर ओल खालून चढते. चेन सावकाश ओढा. रनर पुढे गेल्यावर मागे दात उघडेच राहिले तर रनर ढिला झालाय. पक्कडीने त्याच्या मागच्या दोन्ही कडा किंचित दाबल्या की बहुतेकदा काम भागतं, जोरात दाबल्या तर रनर तुटतो. चेन नुसतीच अडकत असेल तर तिच्यावर मेणबत्ती घासा. फायबरची काठी चिरलेली दिसली तर तंबू बदलूनच घ्या. रात्री वाऱ्यात ती मोडते आणि मोडलेलं टोक कापड फाडतं.

सकाळी तंबू आतून ओला दिसला की लोक मालकाशी भांडतात. बहुतेक वेळा तो गळत नसतो. पाण्याकाठची दमट हवा, त्यात रात्रभराचा श्वास, आणि बाहेर गारठलेलं कापड. ती वाफ कापडाला आतून चिकटते आणि पाणी धरते. पावसाच्या भीतीने सगळ्या झडपा बंद केल्या की हे हमखास होतं. वरची जाळी उघडी ठेवा. बाहेरचं आवरण चारही बाजूंनी असं ताणा, की आतल्या कापडात आणि त्यात चार बोटांची पोकळी राहील. गादी आणि बॅगा भिंतीला टेकवू नका. तंबूखाली अंथरलेली ताडपत्री तळापेक्षा मोठी असेल तर तिच्या कडा आत दुमडा. बाहेर राहिलेल्या कडेवर पडलेलं पावसाचं पाणी थेट तुमच्या पाठीखाली येतं.

खुंट्या ठोकलेल्या असल्या तरी एकदा बघून घ्या. खुंटीचं डोकं तंबूच्या उलट दिशेला झुकलेलं हवं. सरळ ठोकलेली खुंटी ओल्या मातीत पहिल्याच झोतात निघते. काठावर वारा पाण्याकडून जोरात येतो, म्हणून दार त्याच्या उलट बाजूला असावं. तळ्याचं दृश्य दारातून हवं म्हणून लोक उलटं करतात आणि मग रात्रभर तंबू फुगून फडफडतो.

जागा निवडता येत असेल तर आधी काठावरची रेघ शोधा. पाण्याने आणून टाकलेल्या काटक्या, पानं, प्लास्टिकचे तुकडे एका ओळीत साचलेले दिसतात. पाणी तिथवर येऊन गेलंय, असा त्याचा अर्थ. सपाट काठावर पातळी फूटभर वाढली तरी पाणी दहा-पंधरा फूट आत येतं. भरलेल्या जलाशयाच्या दिवसांत तंबू त्या रेघेच्या किमान पुरुषभर उंचीवर हवा. वरून येणाऱ्या ओघळीच्या तोंडाशी मात्र नको.

थंडीबद्दल एकच सांगणं: पांघरुणापेक्षा अंथरूण महत्त्वाचं. जमीन अंगातली ऊब खालून ओढून घेते. मिळणारी फोमची पट्टी पातळ असेल तर वर दोन ब्लँकेट घेण्यापेक्षा एक खाली घाला. स्लीपिंग बॅग बहुतेक ठिकाणी दर पाहुण्यामागे धुतली जात नाही. आपली एक सुती चादर शिवून आत घातली की प्रश्न मिटतो.

बाथरूमला दोनच गुण का? कारण तंबू वाढवणं सोपं आहे, संडास वाढवणं खर्चाचं. पंचवीस तंबू आणि तीन संडास असतील तर सकाळी सात वाजता काय होतं ते सांगायला नको. आठ-दहा माणसांमागे एक, हे प्रमाण धरा आणि फोनवर आकडा विचारा. सोबत आणखी दोन प्रश्न: रात्री तिथपर्यंत दिवा आहे का, आणि लाइट गेल्यावर टाकीत पाणी असतं का. घरात वयस्कर माणूस असेल तर कमोड आहे का, तेही विचारा. शोषखड्डा पाण्याच्या अगदी काठाशी असेल तर ती जागा घेऊ नका. याच पाण्यावर आसपासच्या वाड्या जगतात.

पाण्यात उतरण्याबद्दल आमचं मत कडक आहे. हा जलाशय म्हणजे बुडालेली दरी आहे. काठ दोन पावलं उथळ वाटतो आणि तिसऱ्या पावलाला तळ सापडत नाही. खाली गाळ आहे, झाडांचे बुंधे आहेत, जुने बांध आहेत. पोहता येतं म्हणूनही उतरू नका. बोटीत बसताना लाइफ जॅकेट नुसतं खांद्यावर अडकवून चालत नाही, सगळी बक्कलं लागायला हवीत. दोन्ही खांदे धरून वर ओढलं तर ते कानापर्यंत सरकता कामा नये. लहान मुलांच्या मापाचं जॅकेट नसेल तर बोट सोडा. बोटी अंधार पडायच्या आत परततात, तेव्हा त्रिवेणी संगमाकडे जायचं असेल तर साडेचारनंतर निघू नका.

स्वतःचा तंबू घेऊन जाणाऱ्यांनी आधी जमीनमालकाची परवानगी घ्यावी. पलीकडचा वासोटा किल्ल्याचा काठ कोयना अभयारण्यात, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथे मुक्काम चालत नाही. कास पठारावरही तंबू किंवा चूल अजिबात नको. 2012 पासून ते जागतिक वारशात आहे, आणि तिथला मातीचा थर इतका पातळ आहे की एका शेकोटीची जागा वर्षानुवर्षं भरत नाही. स्वयंपाकाला छोटी गॅसची शेगडी बरी. सव्वादोनशे ग्रॅमचं नळकांडं पूर्ण आचेवर तास-सव्वा तास चालतं. चौघांचं एक जेवण, दोन चहा आणि नाश्ता यांना दोन नळकांडी न्या. पिण्याचं पाणी माणशी तीन लिटर. तंबूच्या आत शेगडी, निखारे किंवा मच्छर अगरबत्ती पेटवायची नाही. नायलॉन क्षणात पेट घेतं, आणि निखाऱ्यांचा विषारी वायू झोपेतच घात करतो.

गाण्याच्या मोठ्या पेट्या लावणाऱ्या जागा टाळा. पाण्यावरून आवाज पलीकडच्या वाडीपर्यंत जातो आणि तिथली माणसं पहाटे कामाला उठतात.

आता मार्ग, कारण इथे नियोजन हमखास चुकतं. नकाशावर ठोसेघर आणि बामणोली जवळ दिसतात, पण दोन्ही रस्ते साताऱ्याच्या बोगद्यापाशी फुटतात. एक सज्जनगडावरून ठोसेघरला जातो, दुसरा यवतेश्वरचा घाट चढून कासमार्गे बामणोलीला. म्हणून पहिल्या दिवशी सकाळी नऊलाच ठोसेघर उरका. गॅलरीपर्यंत पायऱ्या आणि कठडे आहेत. कठडा ओलांडून खाली जायचं नाही, आणि हातात खाऊची पिशवी ठेवायची नाही, माकडं ती सोडत नाहीत. धुकं असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबा, मधेच फाकतं. साताऱ्यात परत येऊन जेवा, टाकी भरा, रोख पैसे काढा, घरी फोन करा, कारण पुढे रेंजचा भरवसा नाही. दीड-दोनला निघालात तर कासला थोडं थांबूनही चारला बामणोलीत पोचता. फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी कासचा रस्ता तुंबतो, तेव्हा मधला वारच बरा. अंधारात ही उतरण उतरू नका. वळणावर गवा उभा असतो आणि काळ्या अंगामुळे तो अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

वजराई परतीच्या वाटेवर ठेवा. कासजवळच्या भांबवलीत तो तीन टप्प्यांत कोसळतो आणि शेवटचा भाग चालावा लागतो. पकड असलेले बूट घाला, सपाट तळव्याचे नकोत. ओल असेपर्यंत जळवा असतात. चिकटलेली जळू ओढू नका, मीठ लावा किंवा नखाने तिचं तोंड बाजूला सरकवा. वासोटा करायचा असेल तर मात्र वजराई सोडा. बोट आणि वनखात्याची परवानगी यांची गाठ सकाळीच घालावी लागते, आणि उतरून परत येईपर्यंत दिवस संपतो. अशा वेळी दुसऱ्या रात्रीचाही तंबू आधीच सांगून ठेवा आणि वासोट्यासाठी दुपारच्या भाकऱ्या बांधून घ्या.