नेपाळच्या साठ्यातली, साफ न केलेली मार्टिनी-हेन्री: नवशिक्या संग्राहकासाठी कशी?

काठमांडूच्या लगन सिलेखान्यात, म्हणजे जुन्या शस्त्रागारात, शंभरावर वर्षं पडून असलेला शस्त्रसाठा इंटरनॅशनल मिलिटरी अँटिक्स आणि अटलांटा कटलरी या दोन अमेरिकन कंपन्यांनी २००३ मध्ये विकत घेतला. त्यातल्या मार्टिनी-हेन्री, म्हणजे व्हिक्टोरियाकालीन ब्रिटिश सैन्याच्या, एका वेळी एकच काडतूस भरायच्या रायफली तेव्हापासून विकल्या जात आहेत. साफ करून, सगळे भाग जागेवर असलेली रायफल मिळते, तशीच साठ्यातून निघाली त्या अवस्थेतली, ग्रीसच्या घट्ट थराखालची स्वस्त रायफलही मिळते. हे परीक्षण दुसऱ्या प्रकाराचं आहे. जुनी लष्करी रायफल ओळखायला शिकायचं असेल तर सुरुवात हिच्यापासून करावी, असं आमचं मत आहे. अट एकच: आधी खुणा वाचायच्या, मग साफसफाई.

रायफल हातात आल्यावर सर्वांत आधी ती भरलेली नाही याची खात्री करा. चापामागची लिव्हर खाली ओढून चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, उजेड टाका. लिव्हर जाम असेल तर नळीच्या तोंडाकडून लाकडी दांडी आत सोडा, कुठे अडते तिथे खूण करा आणि ती लांबी बाहेरून नळीवर ठेवून पाहा. दांडी ब्रीचपर्यंत, म्हणजे नळीच्या मागच्या टोकापर्यंत, पोचत नसेल तर आत काहीतरी आहे. अशी रायफल जाणकाराकडेच न्यावी. याच साठ्यातल्या तोंडाकडून भरायच्या एनफिल्ड आणि ब्रन्सविक बंदुका घेणाऱ्यांनी तर ही तपासणी कधीच टाळू नये.

आता ओळख. रिसीव्हरच्या (नळीमागच्या, यंत्रणा असलेल्या धातूच्या पेटीच्या) उजव्या बाजूवरचं ग्रीस बोटभर कापडाला रॉकेल लावून हळूच पुसा. ब्रिटिश बनावटीची असेल तर वरून खाली मुकुट, व्ही. आर. ही राणी व्हिक्टोरियाची अक्षरं, कारखान्याचं नाव, साल, बाणाची सरकारी खूण आणि मार्कचा, म्हणजे आवृत्तीचा, रोमन आकडा दिसतो. कारखाना बहुधा एनफिल्ड, बी. एस. ए. (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स), एल. एस. ए. (लंडन स्मॉल आर्म्स) किंवा नॅशनल आर्म्स अँड अम्युनिशन यांपैकी असतो. मार्क दोन १८७७ चा, मार्क तीन १८७९ चा. मार्क तीनमध्ये पुढचं लाकूड रिसीव्हरला आकड्यानं अडकवलेलं असतं. मार्क चार तर लांबूनही ओळखू येतो, कारण त्याची लिव्हर स्पष्टपणे लांब आहे. गोळीबारानं चेंबर तापलं की पातळ पितळी पत्र्याचं काडतूस आत चिकटून बसे. ते उपसायला जास्त जोर मिळावा म्हणून लिव्हर वाढवली. मार्क चारमधल्या कित्येक रायफली मुळात ०.४०२ इंच बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) नव्या एनफिल्ड-मार्टिनी म्हणून बनल्या होत्या. ती योजना बारगळल्यावर त्या मार्टिनी-हेन्रीच्या जुन्या ५७७/४५० काडतुसासाठी बदलून घेतल्या गेल्या. दोन बाण टोकाला टोक लावून उभे दिसले तर ती सरकारी सेवेतून काढून विकल्याची खूण आहे. बाणाखाली इंग्रजी आय हे अक्षर असेल तर रायफल भारत सरकारच्या मालकीची होती.

आता मराठी वाचकाला आपसूक मिळालेला फायदा. या साठ्यातल्या रायफलींवर नळी, रिसीव्हर आणि दस्त्यावर देवनागरीत आकडे आणि अक्षरं कोरलेली असतात. इतरांना ती नक्षी वाटते, आपल्याला थेट वाचता येते. नेपाळी वळणाचे ५ आणि ८ आपल्यापेक्षा वेगळे दिसतात, तेवढी नजर बसवावी लागते. ‘श्री ३’ दिसलं तर तो नेपाळच्या वंशपरंपरागत राणा पंतप्रधानांचा मान, ‘श्री ५’ राजाचा. साल असेल तर ते विक्रम संवत. त्यातून ५७ वजा करा, पौषापासून चैत्रापर्यंतची नोंद असेल तर ५६. म्हणजे १९४५ हे १८८८-८९ होतं. पंचांगाच्या सवयीनं शके समजून ७८ मिळवले तर २०२३ येतं. चार आकडे म्हणजे साल असंच मात्र धरू नका. तो पलटणीतला अनुक्रमांकही असू शकतो.

रिसीव्हरवर ब्रिटिश खुणा अजिबात नसून फक्त देवनागरी असेल तर रायफल नेपाळात बनलेली असण्याची शक्यता मोठी. तिचे दोन प्रकार इथे महत्त्वाचे. बेल्जियन फ्रँकोट पद्धतीत लिव्हर, ब्लॉक (ब्रीच बंद करणारा ठोकळा) आणि चाप एकाच सांगाड्यावर असतात आणि एक पिन काढली की सगळं एकत्र खाली येतं. नेपाळी जनरल गहेंद्र शमशेर यांच्या नावाची गहेंद्र रायफल बाहेरून मार्टिनीसारखी दिसते, पण आत चपट्या पट्टीच्या स्प्रिंगा असतात. ती हातानं घडवलेली आहे, एकीचा भाग दुसरीला बसेलच असं नाही. इतिहास म्हणून आम्हाला तीच सगळ्यांत मोलाची वाटते, पण ती झाडायची रायफल नव्हे. पोलाद आणि घडणीचा भरवसा देता येत नाही.

खैबर खिंडीत बनलेल्या नकलांचा या साठ्याशी संबंध नाही, तरी बाजारात त्या शेजारीच असतात. व्ही. आर. च्या खाली १९०१ नंतरचं साल, उलटं कोरलेलं एन, एनफिल्डच्या स्पेलिंगमधली चूक, अक्षरांची वेडीवाकडी ओळ: यांतलं एक जरी दिसलं तरी रायफल ठेवून द्या.

साफसफाईला धीर लागतो. आधी सगळ्या बाजूंचे फोटो काढा. रॉकेल किंवा मिनरल स्पिरिट आणि पितळी ब्रशनं ग्रीस उतरवा. प्रत्येक स्क्रूवर पेनिट्रेटिंग ऑइल सोडून दोन-तीन दिवस थांबा, आणि खाचेत तंतोतंत बसणाराच स्क्रूड्रायव्हर वापरा. ढिला स्क्रूड्रायव्हर खाच फाडतो आणि शंभर वर्षांचा मूळ स्क्रू तिथेच संपतो. ब्रीच ब्लॉक काढायला रिसीव्हरच्या मागच्या वरच्या कोपऱ्यातली चिरलेली पिन पितळी ड्रिफ्टनं (बोथट ठोकणीनं) हलके ठोकून बाहेर घ्या. मग लिव्हर थोडी उतरवून ब्लॉकचं पुढचं टोक अंगठ्यानं दाबलं की मागचं टोक वर येतं. दस्ता निघत नाही म्हणून पिळू नका. बटप्लेटखालून आत लांब बोल्ट आहे, त्याला लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर लागतो. धातूवर तेलात बुडवलेलं चार शून्यांचं, म्हणजे अगदी बारीक, स्टील वूल पुरतं. ग्राइंडरचा तारेचा ब्रश आणि सँडपेपर खुणा कायमच्या खाऊन टाकतात. ओव्हन क्लीनर लाकडाचे तंतू उभे करतो. लाकडाला शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत.

उणिवाही खऱ्या आहेत. नळी साफ करायची दांडी, पट्ट्याच्या कड्या आणि नेम धरायच्या मागच्या साइटची सरकपट्टी बरेचदा नसते. दस्ता रिसीव्हरला मिळतो तिथे तडा असू शकतो, स्ट्रायकरचं (काडतुसावर आपटणाऱ्या पिनचं) टोक मोडलेलं असू शकतं. ब्रिटिश मार्क दोन आणि चारचे सुटे भाग मिळतात, गहेंद्रचे मिळतीलच असं नाही. म्हणून पहिली खरेदी मार्क दोनची करावी. नळीच्या सात खाचा नीट दिसत असतील तर सौदा उत्तम. खाचा गंजून गेल्या असतील तर भिंतीवर लावण्यापुरती ती ठीक आहे. ब्रिटिश रायफलसुद्धा बंदूक-कारागिरानं तपासल्याशिवाय झाडू नये, आणि तपासल्यावरही फक्त काळी दारू. मूळ काडतुसात ८५ ग्रेन दारू आणि ४८० ग्रेनची गोळी असे. धूरविरहित दारू या नळीसाठी नाही.

अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधी बनलेली रायफल संघीय कायद्यात अँटिक ठरते. राज्याचे नियम वेगळे पाहावेत. भारतात मात्र ही मागवायचा विचार करू नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मधली सवलत दुरुस्त करूनही झाडता न येणाऱ्या जुन्या हत्यारापुरती आहे, आणि या रायफली बहुतेक दुरुस्त होतात. वाड्यात वारशानं आलेली मार्टिनी असेल तर परवान्याचा प्रश्न जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त कार्यालयात आधी सोडवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखालीही येते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही.