कॅम्पिंगचा जेवणाचा सेट, आठ महिने वापरल्यावर

मागच्या जुलैत हा सेट जमवला, आता मार्च चालूये. मधे राजगड, कळसूबाई दोनदा, पाचनईहून हरिश्चंद्रगड आणि भंडारदऱ्याला तलावाकाठी तंबूत तीन रात्री झाल्या, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

त्याआधी ऑनलाइन एक अॅल्युमिनियमचा सेट घेतला होता, साडेआठशेचा, एकात एक बसणारा, दिसायला एकदम भारी. पहिल्याच ट्रिपला त्यात आमसुलाची आमटी केली, उरली ती रात्रभर तशीच राहिली आणि सकाळी बघतो तर आतून काळपट डाग न आमटीला धातूची चव. अॅल्युमिनियममधे आंबट ठेवू नये हे आजी लहानपणापासून ओरडून सांगत आली, पण कॅम्पिंगचं म्हणून विकलं की आपली अक्कल गहाण पडते.

मग सरळ तुळशीबागेत भांड्यांच्या दुकानात गेलो. एक पितळी घेतली, म्हणजे उभ्या काठाची खोलगट ताटली, नाव पितळी असलं तरी आता स्टीलचीच मिळते. हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय. सपाट थाळी मांडीवर घेऊन उतारावर बसलं की आमटी पँटवर, पितळीत भात कालवता येतो, मॅगी खाता येते, वेळ पडली तर कांदाही त्यातच चिरला जातो. सोबत एक छोटा कडीचा डबा, एक स्टीलचा मग, आणि चमचा घरचाच. भांडी वजनावर मिळाली, एकूण 390 रुपये झाले. जुन्या जीन्सचा पाय कापून आईने नाडीची पिशवी शिवून दिली, ती फुकट. घरच्या काट्यावर सगळं मिळून 540 ग्रॅम भरलं, म्हणजे अॅल्युमिनियमच्या जवळजवळ दुप्पट, आणि कळसूबाईच्या शिड्यांवर ते जाणवतं, खोटं कशाला बोलू.

खडखडाट हा दुसरा त्रास. पहिल्या ट्रेकला पाठीवर भांडीवाली बाई चालल्यासारखा आवाज, मित्रांनी दिवसभर पिडलं. आता डबा पितळीत ठेवून मधे पंचा कोंबतो, आवाज बंद, आणि तोच पंचा भांडी पुसायला होतो. ओला पंचा मात्र तसाच ठेवायचा नाही, एकदा विसरलो तर चार दिवसांनी पिशवी उघडून अख्खं घर पळालं.

धुण्याचं सांगतो, कारण स्टीलचा खरा फायदा तिथे आहे. गडावरच्या टाक्यातलं पाणी लोक पितात, त्यात साबण लावून भांडी खळबळायची नाहीत. मी आधी भाकरीच्या तुकड्याने पितळी पुसून खातो, मग चुलीतली गार राख चोळतो आणि टाक्यापासून लांब जाऊन दोन पेले पाण्यात विसळतो. पिठल्याची चिकट कडसुद्धा निघते. नॉनस्टिकवर हे करून बघा, कोटिंग गेलंच समजा. पाचनईत जेवलो तेव्हा सगळ्यांना थर्माकोलच्या डिश आल्या, बंदी होऊन इतकी वर्षं झाली (2018 ची आहे) तरी येतात कुठून देव जाणे, मी पितळी पुढे केली तर मावशी खूष, म्हणाल्या बरं झालं, कचरा कमी. आणि पिठलं जरा जास्तच वाढलं!

मगबद्दल मात्र चुकलो. एकपदरी स्टील, चहा ओतला की कड ओठाला चटका देते आणि चटका कमी होईपर्यंत डिसेंबरच्या थंडीत चहाच गार झालेला असतो. सध्या कानाला सुतळी गुंडाळलीये, हात वाचतो, ओठ नाही. दुपदरी मग घ्यायचाय, वजन वाढलं तरी चालेल. डब्याची एक कडी जानेवारीपासून ढिली आहे, भंडारदऱ्याला चटणी सांडून स्लीपिंग बॅगेपर्यंत पोचली होती, तेव्हापासून बहिणीचं केसांचं रबर लावतो. ती अजून शोधतीये ते.