चंद्रा की एक्सएमएम-न्यूटन: अंधूक एक्स-किरण स्रोतांसाठी कोणती दुर्बीण?

सोलापूरचं आकाश कितीही निरभ्र असलं तरी अवकाशातले एक्स-किरण इथं पोचत नाहीत. वातावरण ते वरच शोषून घेतं. म्हणून इथल्या विद्यार्थ्यालाही अवकाश दुर्बिणींच्या माहितीवरच काम करावं लागतं. सुदैवाने चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन, दोन्हींचे संग्रह सर्वांना खुले आहेत. दोन्ही 1999 सालच्या.

अतिदूरचे, अंधूक स्रोत शोधायचे तर माझा कौल चंद्राला. तिची नजर सुमारे अर्धा आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे कोनाच्या एका अंशाचा 3600वा भाग) इतकी तीक्ष्ण. गड्ड्याच्या जत्रेतले दिवे लांबून एकच झगमगाट वाटतात, तसे दाटीतले स्रोत एक्सएमएमच्या चित्रात एकमेकांत मिसळतात. चंद्रा ते सुटे करते. शिवाय प्रत्येक स्रोत इवल्याशा ठिपक्यात एकवटल्यामुळे त्याखाली पार्श्वभूमीचा गोंगाट फारच कमी येतो, आणि मोजके फोटॉनही (प्रकाशाचे कणही) पुरावा ठरतात. दक्षिणेकडच्या आकाशाच्या एका छोट्या तुकड्याकडे तिने एकूण सुमारे 70 लाख सेकंद पाहिलं, तेव्हा हजाराहून अधिक स्रोत सापडले. बहुतेक दीर्घिकांच्या गाभ्यातली, वायू गिळणारी महाकाय कृष्णविवरं!

एक्सएमएमचं बळ वेगळं. तीन दुर्बिणी, प्रत्येकीत एकात एक बसवलेले 58 आरसे. प्रकाश भरपूर गोळा होतो, त्यामुळे स्रोत एकदा ठाऊक झाला की वर्णपटासाठी (कोणत्या ऊर्जेचे किती किरण येतात ते पाहण्यासाठी) हीच घ्यावी. फक्त दुर्बिणीत शिरणाऱ्या प्रोटॉन कणांच्या झोतांनी बिघडलेला वेळ आधी गाळावा लागतो.